उरलेल्या नजरेसाठी मुंगण्याचा पाला

नागपुरातल्या एका टॉकीजमध्ये मी बारा वर्षं ऑपरेटर होतो. सत्तरच्या दशकात आमच्या मशीनमध्ये बल्ब नसायचा. मशीनच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर बसवायच्या, त्यांची टोकं क्षणभर टेकवून जराशी दूर करायची, की मधे पांढराशुभ्र उजेड पेटायचा. त्याला आम्ही आर्क म्हणायचो. त्या उजेडावर पडद्यावरचा सगळा सिनेमा चालायचा. कांड्या जळून आखूड व्हायच्या, म्हणून त्या सतत पुढे सरकवाव्या लागत. त्यांच्यातलं अंतर बघायला पेटीच्या लोखंडी दाराला एक काळी काच असे. उघड्या डोळ्यांनी आत बघायचं नाही, हे मला शिकवणाऱ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

बाराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका मशीनची काळी काच तडकली आणि आठवड्याभरात तिचा तुकडा गळून पडला. मी मॅनेजरला सांगितलं. मागवतो म्हणाला. मी डोळे बारीक करून, तिरपं बघून काम भागवत राहिलो. घरी आलो की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, पाणी यायचं, सकाळपर्यंत बरं वाटायचं. मग एका शुक्रवारी कांड्या पुढे सरकवणारी मोटरच बंद पडली. नवा सिनेमा लागला होता, बाहेर गर्दी होती. मॅनेजर मशीनच्या केबिनमध्ये येऊन म्हणाला, हातानं चालव, आजचा दिवस काढ. मी नाही म्हणू शकलो असतो. पण आपल्याला हे जमतं, दुसऱ्या कुणाला जमणार नाही, अशी एक घमेंड होती माझ्यात. मी दोन खेळ त्या उघड्या भोकातून आर्ककडे बघत, हातानं कांडी सरकवत काढले. पडदा एकदाही काळा झाला नाही. मॅनेजरनं पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा घेऊन आली. मी तिच्याकडे बघितलं तर तिला तोंड नव्हतं. केस होते, कान होते, कानातले होते, पदर होता, आणि मधे जिथे नाक-डोळे असायला हवेत तिथे मळकट पिवळसर डाग होता. मी डोळे चोळले. भिंतीकडे बघितलं, डाग भिंतीवर गेला. कपाकडे बघितलं, कप गेला.

"काहून असे पाहून राहिले माह्याकडे?" ती म्हणाली.

मी म्हटलं, झोप झाली नाही. तिला तेव्हा सातवा महिना होता. आमचं पहिलंच मूल.

आम्ही प्रताप नगरच्या कडेला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. तेव्हा तिकडे घरं तुरळक होती, मधे मधे मोकळे प्लॉट, काही ठिकाणी नुसते पाये खणून ठेवलेले. तिथून मी सायकलनं टॉकीजला जायचो. त्या आठवड्यात मी सायकल हातात धरून पायी गेलो. डाग जाईल म्हणून रोज सकाळी डोळे उघडण्याआधी मनातल्या मनात विनवणी करायचो, कुणाला ते ठाऊक नाही. माझ्या वडिलांनी छपन्न साली दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होतो, आमच्या घरात नवस-सायास त्या दिवशीच संपले होते. तरी मी विनवणी करायचो. डाग गेला नाही.

दहाव्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. डोळ्यांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, बराच वेळ आत बघितलं, मग मला समोर बसवून सावकाश समजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अगदी मधोमध एक बारीक पिवळा ठिपका असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं त्याच्यावर चालतं. माझ्या दोन्ही डोळ्यांत तो उजेडानं भाजला होता, उजव्यात जास्त.

मी औषध विचारलं. त्या म्हणाल्या, औषध नाही, ऑपरेशनही नाही. मी उठलोच नाही. बाकीचे पेशंट मागे खोळंबले होते. माझी अवस्था बघून त्यांना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "हे बघा, त्या ठिपक्याचा पिवळा रंग शरीर स्वतः तयार करत नाही. तो हिरव्या पालेभाजीतून येतो, मक्यातून, अंड्याच्या बलकातून. तो रंग कडक उजेड थोडा अडवतो, असं म्हणतात. उजेडानं पडद्याची जी झीज होते ती अशा खाण्यातल्या गोष्टी थोपवतात का, यावर परदेशात उंदरांवर प्रयोग चालू आहेत. माणसाचं अजून कुणी खात्रीनं सांगत नाही. जळालं ते जळालं. उरलेलं कदाचित वाचेल. खाऊन बघा, तोटा नाही."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, डोळे भाजल्याचं सांगितलं, पालेभाजीचं सांगितलं, मक्याचं आणि अंड्याचं सांगितलं. उंदरांचं सांगितलं नाही. आणि तो 'कदाचित' सांगितला नाही. मी म्हटलं, बाई म्हणाल्या की नीट खाल्लं तर नजर परत येते.

का खोटं बोललो? तिचं पोट समोर होतं. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तिचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता. तो मोकळा व्हावा म्हणून बोललो. आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून खात्रीचं काही ऐकावं अशी माझीच भूक होती. संध्याकाळपर्यंत तीच मला तेच वाक्य ऐकवू लागली, आणि मला ते खरं वाटू लागलं.

ती पारशिवनीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. पाला तिला मी सांगायची गरज नव्हती. घरमालकाच्या अंगणात मुंगण्याचं झाड होतं. शहरात त्याला शेवगा म्हणतात. लोक शेंगा तोडत, ती कोवळा पाला खुडून आणायची. पाऊस सुरू झाला तसा मोकळ्या प्लॉटवर तरोटा उगवला, तो आणायची. चिवळ, घोळ, अंबाडी, पालक. सकाळी भाजी, दुपारच्या डब्यात भाजी, परत आल्यावर भाजी. सासरे एस.टी.नं मक्याची कणसं आणि पपया घेऊन यायचे. रोज एक अंडं माझ्या ताटात असायचं. मी खात होतो, आणि प्रत्येक जेवणानंतर समोरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. तारखेचा आकडा दिसत नव्हता. आजूबाजूचे दिसायचे, ज्याच्याकडे बघावं तो नाही.

कामावर मी कुणाला कळू दिलं नाही. सिनेमाचं एक रीळ वीस मिनिटांत संपतं. संपायच्या आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक काळा ठिपका चमकतो, की दुसरं मशीन सुरू करायचं. आणखी काही सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, की उजेड तिकडे वळवायचा. मी कोपऱ्याकडे बघितलं तर कोपराच नाहीसा व्हायचा. मग मी पडद्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघायला शिकलो, म्हणजे ठिपका कडेच्या नजरेत यायचा. कधी यायचा, कधी नाही. मी संवाद पाठ करून ठेवले. अमुक वाक्य झालं की हात हँडलवर. नवा सिनेमा लागला की पहिला खेळ मी नुसत्या अंदाजानं काढायचो.

सासऱ्यांनी बाळंतपणासाठी तिला न्यायचं म्हटलं. ती गेली नाही. मी गेली तर यांचं खाणं कोण पाहीन, असं तिनं बापाला सांगितलं. मी तिथेच बसलो होतो. मी तिला जा म्हणायला हवं होतं.

मुलगी झाली. दाईनं तिला माझ्या हातात दिलं. मी खाली बघितलं, आणि दुपट्याच्या मधे तोच डाग. मी मान हलवली, तिच्या कानाकडे बघितलं, दुपट्याच्या काठाकडे बघितलं, तेव्हा चेहऱ्याचा अंदाज आला, धुक्यातल्यासारखा. सरळ बघितलं की पुन्हा गेला. सगळे म्हणत होते, बापासारखी आहे. मी हो हो म्हणत होतो. मग मोरीत जाऊन बादलीत पाणी सोडलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आणि रडलो.

सासरे आले ते अंडी, तूप, डिंक, मेथीदाणे घेऊन. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "जवाईबापू, हे लेकीसाठी आहे. बाळंतीण आहे, तिले खाऊ घालजा."

मी मान डोलावली. पुढचे कित्येक दिवस अंडं माझ्याच ताटात येत राहिलं, एकाऐवजी दोन. आज कुणी विचारलं की तुला ठाऊक नव्हतं का, तर मी म्हणतो, मला तिचं ताट दिसत नव्हतं. ते खरं आहे. पण ताट डाव्या हाताला असलं तर मला कडेनं दिसायचं. मी तिकडे वळून बघितलं नाही.

चार महिने झाले. माझे तळहात पिवळे पडले. आधी कावीळ वाटली, पण डोळे पांढरेच होते. पपई आणि लाल भोपळ्याचा रंग अंगात उतरला होता. बायकोला आनंद झाला. रंग अंगात उतरला म्हणजे डोळ्यातही उतरला असेल, असं ती म्हणाली. मी ते तळहात उजेडात धरून बघायचो, म्हणजे त्यांच्या बाजूला बघायचो, आणि मलाही वाटायचं, आता येईल.

आली ती दुसरीच वेळ. एका दुपारच्या खेळाला सिनेमात एक वाक्य कापलेलं निघालं. रीळ जुनं होतं, कुठेतरी तुटून जोडलेलं. मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते आलंच नाही. ठिपका येऊन गेला तोही मला दिसला नाही. रीळ संपलं आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड. खाली शिट्ट्या, खुर्च्या आपटणं. मी गडबडीत दुसरं मशीन सुरू करायला गेलो आणि तापलेल्या पेटीवर हात टेकला. मॅनेजर धावत आला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या समोर बोटं धरली आणि विचारलं किती. मला बोटं दिसली नाहीत, मनगट दिसलं. मी तीन म्हटलं. त्यानं हात खाली केला. दुसऱ्या दिवसापासून मी गेटवर तिकिटं फाडायला. केबिनची चावी दुसऱ्याकडे गेली.

त्या दिवशी घरी बायकोनं पालकाची भाजी वाढली. मी ताट सरकवलं. ते जोरात सरकलं, भाजी जमिनीवर सांडली. मी म्हणालो, ढोरासारखा पाला खाऊन राहिलो चार महिन्यांपासून, काय झालं? तिनं जमिनीवरची भाजी बोटांनी निपटून परत वाटीत भरली. मला वाटलं फेकायला भरते आहे. ती तिनं नंतर धुऊन खाल्ली, हे मला पुढे कळलं.

मग दिवाळीच्या आधीची ती संध्याकाळ. मला सुट्टी होती. मी दाराच्या पायरीवर बसलो होतो. सूर्य मावळून गेला होता, पण आभाळात उजेड होता. बायको मुलीला खांद्यावर घेऊन वाळत घातलेले कपडे काढायला मागच्या मोकळ्या प्लॉटकडे गेली. शेजारच्या प्लॉटवर पाया खणला होता, पुरुषभर खोल, पावसाचं पाणी तळाशी साचलेलं. मी समोर रस्त्याकडे बघत होतो. माझी मधली नजर गेली होती, पण कडेची शाबूत होती, आणि संधिप्रकाशात तीच बरी चालते. त्या कडेच्या नजरेत मला दिसलं की ती दोरीकडे न जाता सरळ खड्ड्याकडे चालली आहे. एक हात पुढे धरून, पाय घासत.

मी ओरडलो. ती थांबली. तिच्या पायाखालची माती घसरून पाण्यात पडल्याचा आवाज मी पायरीवरून ऐकला. मी धावलो, तिचा दंड धरून मागे ओढलं.

"खड्डा दिसत नाही काय तुले?"

"कोठी आहे खड्डा?" ती म्हणाली. तिचं तोंड भलतीकडेच होतं.

मी दोघींना घरात आणलं. दिवा लावला. मुलगी माझ्या छातीशी रडत होती. मी विचारलं, केव्हापासून? तिनं आधी टाळलं. मग सांगितलं की मुलगी व्हायच्या आधीपासून दिवस कलला की तिला दिसेनासं व्हायचं. घरातल्या वस्तू पाठ होत्या म्हणून निभावलं. मला आधीच टेन्शन, म्हणून बोलली नाही.

मी विचारलं, तू काय जेवतेस? मी पुन्हा विचारलं.

"भाकर खातो ना मी," ती म्हणाली. "भाकर, तिखट. कधी भाजीचं पाणी. तुमचे डोळे परत येऊन राहिले तं मले काय करायचा पाला? तुमी पाहू लागले की मग खाईन."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते शब्दन् शब्द. उंदीर, आणि जळालं ते जळालं, आणि कदाचित. नजर परत येईल असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते मी म्हणालो होतो.

तिनं मुलीला माझ्याकडून घेतलं, पाजायला पदराखाली धरलं. मग म्हणाली, "मले सांगतलं असतं तं मी वेगळं केलं असतं काय, हे मले माहीत नाही. पण पोरीच्या पोटचं मी तुमाले खाऊ घातलं." तिनं आवाज चढवला नव्हता. तिनं आवाज चढवला असता, मारलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बायकोचे डोळे बघितले, पांढऱ्या भागावर कोरडेपणा दाखवला. मग माझा तळहात पालथा-उताणा करून बघितला आणि तिचा तळहात त्याच्या शेजारी ठेवला. माझा हळदीत बुडवल्यासारखा, तिचा पांढराफटक. मग मला म्हणाल्या, "मी तुम्हाला खा म्हणाले होते. एकट्यानं खा नव्हते म्हणाले."

त्यांनी सांगितलं की हा रातांधळेपणा आहे, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईच्या अंगातलं जीवनसत्त्व मूल ओढून घेतं, आणि भरून निघालं नाही तर असं होतं. तिला औषध दिलं, मुलीलाही तपासलं. मुलीचे डोळे ठीक होते. पुढे आणखी उशीर झाला असता तर तिचं सांगता आलं नसतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी सूर्य मावळल्यावर बायको अंगणात उभी होती. ती म्हणाली, दोरीवर तुमची बनियान आहे, लाल चड्डी आहे, पोरीचे तीन दुपटे आहेत. एकेक कपडा मोजत होती. मी आत जाऊन बसलो. मला तिच्यासाठी आनंद झाला होता, पण तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं. जे अन्न तिची नजर जाऊच देणार नव्हतं, ते मी चार महिने माझ्या जळालेल्या ठिपक्यावर ओतत होतो.

पुढे घरात भाजीची एकच कढई आणि दोन ताटं, दोन्हींत सारखं. मी स्वतः वाढायचो. अंडं असलं तर तिला, आणि ती माझ्यासमोर खाईपर्यंत मी उठायचो नाही. यावरून आमची भांडणं झाली. पाळत ठेवता काय, ती म्हणायची. हो, मी म्हणायचो.

डाव्या डोळ्यातला डाग वर्षभरात फिका झाला. कॅलेंडरचे आकडे मोठे असतील तर त्या डोळ्यानं वाचता येऊ लागले. उजवा तसाच राहिला. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे भाजीनं झालं का? त्या म्हणाल्या, असे काही डोळे आपोआपही सुधारतात, कशामुळे ते मी सांगू शकत नाही. पुढे त्यांची बदली झाली. नंतरच्या वर्षांत वर्तमानपत्रात मक्याच्या आणि पालेभाजीच्या पिवळ्या रंगावर, उजेडापासून डोळ्याच्या पडद्याचं रक्षण करणाऱ्या अँटिऑक्सिडंटांवर लेख येऊ लागले. मुलगी ते मोठ्यानं वाचून दाखवायची. लेख ऐकताना बायको उठून आत जायची.

मी गेटवर आणखी काही वर्षं काढली, मग टॉकीज सोडली आणि सासऱ्यांच्या गावाकडची भाजी आणून घराजवळ विकू लागलो. बाया जुडी हातात घेऊन विचारतात, कशासाठी चांगली असते ही? मी म्हणतो, खाण्यासाठी. त्याहून जास्त मी सांगत नाही.

बायकोची मी एकदाच माफी मागितली, मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ते बोलू नका. मी पुन्हा बोललो नाही. तिनं मला माफ केलं की नाही, हे मी तिच्या चेहऱ्यावर वाचू शकलो असतो, पण सरळ बघून चेहरा वाचणं माझ्याकडून त्याआधीच गेलं होतं.